कापलेला पट्टा

तळ्याच्या राखणदारणीच्या नवऱ्याने बांबू चिखलात रोवून होडी थांबवली. समोर पाणकणसांच्या दाटीत कालच कापलेला पट्टा उघडा पडला होता आणि त्याच्या मधोमध ती उभी होती. तपकिरी रेघांच्या दुर्मिळ बगळ्याची मादी, मान ताणून, चोच आभाळाकडे करून, अगदी ताठ.

“अगं ताई, हिला झालंय काय?” राखणदारणीच्या धाकट्या भावाने कॅमेरा वर केला.

“लपलीय ती,” राखणदारीण म्हणाली.

धोका दिसला की हा पक्षी पळत नाही. पाणकणसात पाणकणीस होऊन उभा राहतो. आज भोवती पाणकणीसच नव्हतं. उघड्यावर उभी राहून ती बिचारी आपण कुणाला दिसतच नाही असं धरून चालली होती. भाऊ खो-खो हसला, भावजय हसली, आणि लाज वाटायच्या आधी राखणदारणीलाही हसू फुटलं.

तळ्यावर या पक्ष्याच्या मोजक्याच जोड्या उरल्या होत्या. विणीच्या दिवसांत इथे विळा लावायचा नाही, हा नियम तिनेच घातलेला. पण “तुझा पक्षी आहे की भूत?” हे माहेरी ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. म्हणून भावाला पक्षी नीट दिसावा यासाठी काल तिने नवऱ्याला पट्टा कापायला लावला. तो नको नको म्हणत होता.

घरटं पट्ट्याच्या कडेलाच होतं. माणसं समोर असेपर्यंत मादी जागची हलणार नव्हती, आणि तिकडे अंडी निवत होती.

“पण ताई, नेमकं इथलंच कुणी कापलं?” भावजयीने विचारलं.

“कापणाऱ्यांना कुठे काय कळतं!” राखणदारणीच्या तोंडून निघून गेलं.

नवऱ्याने बांबूवरचा हात बदलला.

“चुकलंच माझं,” तो म्हणाला. “अंदाज आला नाही.”

“काय हे भाऊजी! बायकोच्या नोकरीवरच विळा चालवलात की!” भाऊ म्हणाला.

नवरा हसला, मेहुण्यासमोर हसावं लागतं तेवढं.

ती मेल्याहून मेल्यासारखी झाली. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

“चला, निघूया,” एवढंच ती म्हणाली.

काठाला लागल्यावर तिला उतरवून घ्यायला नवऱ्याने हात पुढे केला. तो हात न धरता तिने सरळ चिखलात पाय टाकला.