अडचणींची बाजू

निळा चिमटा – कपडे वाळत घालायचा, एका बाजूनं टवका उडालेला – पदराला लावलेला, आणि त्यानं धरलेल्या जागी पदराच्या चुण्या झालेल्या... अरुणा त्याच्याकडेच बघत बसली होती. निळा म्हणजे फक्त अडचणी सांगायच्या. पिवळा म्हणजे फक्त फायदे. हे सोसायटीतल्या क्षिप्राचं डोकं; ती ऑफिसात लोकांना न भांडता मीटिंग कशी करायची ते शिकवते म्हणे. करंजाडेच्या या सोसायटीत रॅम्पच्या, म्हणजे उताराच्या विषयावर आधीच्या मीटिंगा नुसत्या आरडाओरड्यात गेल्या होत्या, म्हणून या रविवारी तिनं सगळ्यांना चिमटे वाटले, आणि ज्याची जी बाजू, नेमकी तिच्या उलटी त्याच्या गळ्यात घातली.

उतार हवा होता अरुणालाच. लिफ्टसमोरच्या पायऱ्यांवरून नवऱ्याची, सुधीरची, चाकांची खुर्ची उतरत नव्हती. अर्धांगाचा झटका आल्यापासून तो घरातच. आणि सगळ्यात मोठा विरोध दिपेशचा, कारण उतारात त्याची पार्किंगची जागा जाणार. आता पिवळा चिमटा लावून तोच उभा राहिला. आधी लाजला, मग खुलला.

"काका खाली आले ना, तर आरतीला जान येईल. मागच्या गणपतीत मजाच नाय आली. ते नुसते बसले तरी बास हाय."

नुसते बसले तरी... अरुणाला भरून आलं. तेवढ्यात तिची पाळी आली.

"पावसात शेवाळ धरेल. पोरं त्यावरून सायकली सोडतील. आणि दिपेशनं गाडी कुठं लावायची?" सोपं होतं, हे सगळं दिपेशकडूनच ऐकलेलं.

"अजून, काकू?" क्षिप्रा म्हणाली. "मनातलं सगळं निघू दे."

अजून... अजून काय? ज्याच्या आरतीनं वरच्या मजल्यांवरची माणसं गॅलरीत यायची, तो आता पाणी मागताना नुसता पा-पा करतो, आणि मी त्याची हनुवटी पुसते, दिवसातून कितीदा तरी – दार लावलेलं असतं, म्हणून पुसता येते...

"हे खाली आले की सगळे बघतील," तिच्या तोंडून गेलं. "मला ते नकोय. हे वरच बरे आहेत."

मग दिपेशनं टाळी वाजवली. "काकू, एक नंबर! काय रोल केला! मला तर खरंच वाटलं."

सगळे हसले. अरुणाही हसली. उतार एकमतानं मंजूर झाला. पहिला हात दिपेशनंच वर केला.

वर सुधीर दाराकडे तोंड करून बसला होता. त्यानं भुवया उंचावल्या.

"झालं," ती म्हणाली. "होणार उतार."

त्याचा अर्धा चेहरा हसला. तिला आनंदानं रडू यायला हवं होतं. इतके महिने जिन्यात, लिफ्टमध्ये, जो भेटेल त्याच्याशी ती भांडली, ते प्रेमानंच भांडली, ते काही खोटं नव्हतं... पण दिपेश आडवा येत होता, तोवर तिला स्वतःला आडवं यावं लागलं नव्हतं.

सुधीरनं कपाटाकडे बोट केलं. "कु... कुर...ता."

आरतीचा कुर्ता. त्याला आत्ताच घालून बघायचा होता. त्याला कसली लाज वाटत नव्हती. लाज मलाच वाटत होती, फक्त मला...

"हो, देते," ती म्हणाली. तिनं कपाट उघडलं, आणि समोरच असलेला कुर्ता ती बराच वेळ शोधत राहिली.