कानस घसरली म्हणून

दुखणी बरी करतो म्हणणाऱ्या पोलादबाबाला बघायला मैदानात कारखान्यांतली माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती. बाबाने पोलादाच्या पट्टीवर धातू घासायची कानस चालवायला लावली. भुगा पडला. मग पट्टी फडक्यात गुंडाळून त्याने फुंकर मारली. "आता घास!" कानस काचेवरून घसरावी तशी घसरली. घासणारा माझा नवरा होता, बारा वर्षं मुरलेला फिटर.

"पोलाद माझं ऐकतं, मग तुझ्या पोरीचं दुखणं कोण लागून गेलं?" बाबा गरजला. "पट्टी गळ्यात, गोळ्या बंद. माझ्यावर भरवसा आणि डॉक्टरवरही? असलं चालायचं नाही!"

आमच्या चार वर्षांच्या मुलीला झटके यायचे. गोळ्या सुरू झाल्यापासून आठ महिन्यांत एकही आला नव्हता.

"अहो, गोळ्या नका थांबवू," घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हणाले.

"कॉलेजात शिकलीस म्हणून मला पोलाद शिकवतेस? ते कडक करायचं तर अख्खा तुकडा लालबुंद तापवून तेलात बुडवावा लागतो. ही पट्टी माझ्या हातात गार होती. कानस खोटं बोलते का?"

त्याने पट्टी पोरीच्या गळ्यात बांधली, गोळ्या कुलपात ठेवल्या. चौथ्या सकाळी झटका आला, तो थांबेचना. दवाखान्यात नर्सने दोरा कापून पट्टी माझ्या हातात दिली. बाकावर बसून मी तीच न्याहाळत राहिले. एकाच बाजूला अंगठ्याएवढा काळपट पट्टा होता.

"हिची पाठ घासून बघा," मी नवऱ्याला म्हणाले.

दुपारी तो कारखान्यातून परतला, चेहरा राखेसारखा.

"पाठीवर कानस लागते. मागून करवत लावली तर सरसर गेली, शेवटच्या मिलीमीटरला दातच बोथट झाले. शेजारच्या कारखान्यातल्या इंजिनियरबाईंना दाखवली. त्या म्हणाल्या, लेझरचं काम आहे. झोत फिरवला की वरची कातडी तेवढी क्षणात लाल होते. खालचं थंड पोलाद ती उष्णता ओढून घेतं, कातडी कडक होते. तेल नको, पाणी नको. आतलं मऊच राहतं. त्याने फडक्यात पट्टी फक्त उलटली गं. आमच्याकडे ते मशीन नाही, मला कसं माहीत असणार?"

"माहीत नाही, एवढंच म्हणायचं होतं हो."

मुलगी वाचली. पण बोलणं गेलं. माझ्याकडे टक लावून बघते, आई म्हणत नाही.

नवऱ्याने मैदानात उभं राहून सगळ्यांदेखत पट्टी मागून कापून दाखवली. नऊ जणांनी बाबाने दिलेल्या गळ्यातल्या पट्ट्या काढल्या. बाकीचे म्हणाले, "तुमचीच श्रद्धा कमी पडली."

त्या बाकीच्यांसाठी हे लिहिते आहे. आपल्याला उमगलं नाही म्हणून ते चमत्कार ठरत नाही. जाणत्याला विचारायचं असतं. कानस पोलाद पारखते, लेकराचा मेंदू नाही. झटक्यांची गोळी एकाएकी थांबवणं जिवावर बेततं. थांबवली असेल, तर आजच मुलाला घेऊन डॉक्टरकडे जा.