धुळ्यात शून्य अंश

धुळ्यातल्या केळी पिकवायच्या खोलीत किती तापमान आहे, हे धुळ्याच्या प्रोग्रॅमला जळगावच्या सर्व्हरला विचारावं लागे. मालक भाईदासआबा जळगावात बसत आणि सगळे आकडे त्यांना डोळ्यांसमोर लागत, म्हणून खोलीतलं तापमान आधी जळगावला जाई.

धुळ्याचा प्रोग्रॅम पुनमचा, जळगावचा हितेंद्रचा. दोघांचं बोलणं बंद होतं. कारणं दोघं वेगवेगळी सांगत आणि दोन्ही खरी होती. निरोप आबांमार्फत जात.

सोमवारी खोलीत केळी पिकवायचा गॅस सोडून दार लावलं. ते दुसऱ्या दिवसापर्यंत उघडायचं नसतं. पुनमच्या स्क्रीनवर तापमान आलं शून्य. प्रोग्रॅमला वाटलं, गारठा फार झाला. त्यानं कूलिंग बंद केलं. मंगळवारी दार उघडलं तेव्हा कुठलं केळं कुठल्या घडाचं, हे ओळखू येत नव्हतं.

आबांनी पुनमला जळगावला बोलावून घेतलं. "बठ्ठ्या केया सडी गयात," ते म्हणाले. "ज्यानी चूक शे तो आज घर जाई."

घरी म्हणजे कायमचं. आणि धुळ्यात पुनमला अशी दुसरी नोकरी मिळणार नव्हती.

"आबा, यांना सांगा," हितेंद्रकडे न बघता ती म्हणाली, "मी रिकामा पॅरामीटर पाठवते, म्हणजे आकड्यासाठी मोकळी जागा. यांच्या प्रोग्रॅममधल्या मेथडनं त्यात आकडा भरायचा."

"हिला सांगा, भरला. लॉगमध्ये आहे, एकतीस अंश."

"मंग धुयाले शून्य कसं?" आबांनी विचारलं.

"दोन्ही प्रोग्रॅम एकाच कॉम्प्युटरवर असते तर यांनी भरलेलं मला दिसलं असतं. नेटवरून जाते ती कॉपी. यांनी कॉपीत भरलं आणि कॉपी स्वतःकडंच ठेवली; माझ्याकडं रिकामंच राहिलं, म्हणून शून्य. हा पॅरामीटर 'आउट' आहे, म्हणजे भरून परत पाठवायचा, असं इंटरफेसमध्ये, दोन प्रोग्रॅममधल्या करारात, लिहावं लागतं. इंटरफेस यांचा."

"टेस्टमध्ये चाललं होतं."

"टेस्ट यांच्या एकट्याच्या लॅपटॉपवर झाली, आबा."

हितेंद्रनं घसा खाकरला. "ते असो. एकतीस बघून मी सोमवारीच आबांना सांगितलं होतं, कूलिंग चालू करायला सांगा म्हणून."

"आणि मी सोमवारीच आबांना म्हटलं होतं, शून्य खरं आहे का ते विचारा."

दोघं आबांकडे बघू लागले. एकाच दिशेनं बघायची त्यांची ही पहिलीच वेळ.

"तू माले इचारं, मी त्याले इचारं," आबा म्हणाले. "त्यानी माले सांगं."

"मग?"

"मंग काय? झायं ना."

"मला कोण सांगणार होतं?"

आबा उठले. मग त्यांनी टोपी घातली.

"घरी जायचं तुम्हीच म्हणालात," हितेंद्र म्हणाला.

आबा घरी गेले. कुणाला काढायचं ते ठरवणारा माणूसच गेल्यामुळे कुणालाच काढता येईना. पुनम नोकरीवर राहिली. हितेंद्रही राहिला, याचं तिला वाईट वाटलं.

हितेंद्रनं इंटरफेसमध्ये 'आउट' हा एक शब्द घातला. "हिला सांगा, पाठवलं," तो आबांच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाला.

पुनमनं लॅपटॉपवर धुळ्याची स्क्रीन उघडली. "यांना सांगा," ती खुर्चीला म्हणाली, "एकतीस आलं. कूलिंग सुरू झालं."

तिकडं धुळ्यात सडलेल्या केळ्यांना गार वारा लागला.