मांजरांमार्फत

आमचे हे रागावले की भांडत नाहीत. भांडले असते तर सोपं होतं, कारण पंचवीस वर्षांच्या संसारात मी एकही भांडण हरलेले नाही. हे गप्प बसतात. धाकट्या भावाशी ह्यांनी बोलणं टाकलं त्याला अकरा वर्षं झाली. कारण काय, तर एक शिलाईचं मशीन. ते मशीन मोडीत जाऊनसुद्धा सात वर्षं झाली असतील. आता दोघं भाऊ कुठे समोरासमोर आले तर सुरुवात कुणी आणि कशी करायची हेच दोघांना कळत नाही, म्हणून दोघंही छताकडे बघत उभे राहतात. त्यामुळे ह्यांनी लेकीशी बोलणं टाकलं तेव्हा मला ते छत दिसायला लागलं.

हे जुने सोफे आणि खुर्च्या नव्याने भरून देतात. घराची पुढची खोली म्हणजेच ह्यांचा कारखाना. लेक आमची एकुलती एक, तेवीस वर्षांची. शाळा संपल्यापासून ती ह्यांच्या हाताखाली शिकली. सुतळीने स्प्रिंगा बांधणं, काथ्या पिंजून भरणं, जाड दाभणाने कडा शिवणं, सगळं. तिचा हात असा बसला की कुठला टाका बापाचा आणि कुठला लेकीचा हे मलाही ओळखता येत नसे. आणि मग तिने दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या फर्निचरच्या कारखान्यात अर्ज केला. नोकरी लागली. नऊ आठवड्यांनी रुजू व्हायचं, आणि ते शहर बसने नऊ तासांवर.

तिने आधी मला सांगितलं. मग मैत्रिणींना. शेजारच्या बेकरीवाल्यालाही पत्ता लागला. ह्यांना कळलं ते फोम पोचवायला आलेल्या माणसाकडून. "अभिनंदन हं, लेकीनं नाव काढलं!" असं म्हणून तो पावतीवर सही घेऊन निघून गेला.

हे आत आले, पेलाभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "माझ्याच घरातली बातमी मला फोमवाला देतो." बस्स, एवढंच. त्यानंतर पोरगी दोन-तीनदा बोलायला गेली, तर हे उठून बाहेर. शेवटी तीही ह्यांचीच लेक, तिनेही तोंडाला कुलूप घातलं. मला सगळं माहीत असून मीही गप्प बसले होते, हे मी कबूल करते. माझ्याशी मात्र हे बोलत होते. माझ्याशी अबोला धरला तर जेवायला कोण वाढणार?

तिसऱ्या दिवशी ह्यांनी मास्तरीणबाईंची खुर्ची कामाला घेतली. ह्या बाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक, शाळेतून निवृत्त झालेल्या. खुर्ची महिनाभर कोपऱ्यात पडून होती. ह्यांनी ती आडवी केली आणि आतून कुणीतरी फिस्कारलं. खालचं फाटकं अस्तर उचलून बघतात तो एक करडी मांजरी स्प्रिंगांच्या मध्ये पसरलेली, आणि तिच्या पोटाशी काहीतरी वळवळतंय.

"अगं बाई," हे मांजरीला म्हणाले, "अख्ख्या शहरात तुला हीच खुर्ची मिळाली का? आता कुणी जरा बॅटरी धरली तर किती आहेत ते दिसेल तरी."

पोरगीने बॅटरी धरली. "धरलीये म्हणावं," ती मांजरीलाच म्हणाली. "चार आहेत. आणि खुर्ची हलवू नये म्हणावं, तू घाबरली आहेस."

"ज्याला एवढं कळतं त्याने मला शिकवावं. मी आपला साधा खुर्च्या भरणारा."

"शिकवायला समोरच्याने ऐकलं तर पाहिजे."

मी दारात उभी होते. तीन दिवसांनी त्या दोघांचे आवाज एका खोलीत ऐकले आणि मला त्या मांजरीचा मुका घ्यावासा वाटला. घेतला नाही, कारण तिची नखं मला दिसत होती.

खुर्ची तशीच आडवी राहिली. मी मास्तरीणबाईंना निरोप पाठवला. त्या स्वतः आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "मी काय, स्टुलावर बसेन." दहाएक दिवसांनी पिल्लांचे डोळे उघडले आणि तिथून पुढे आमच्या घरात कुणाला उसंत मिळाली नाही. जी उड्या मारायची तिचं नाव स्प्रिंग. तांबूस आणि केसाळ तो काथ्या. जिची नखं कपड्यांतून आरपार जायची ती टाचणी. आणि सगळ्यांत लहान, गोल तोंडाचं, ते बटण. हे दोऱ्याची रिळं कपाटात ठेवायला शिकले. कापलेल्या फोमच्या तुकड्यांवर स्प्रिंग आणि टाचणी कुस्ती खेळायच्या, आणि काथ्या नवीन कापडाच्या गठ्ठ्यावरच निजायचा, तेही पांढऱ्या.

आणि बोलणं सगळं पिल्लांमार्फत. मी आपोआप आजी झाले, हे आजोबा, पोरगी मावशी.

"काथ्या, तुझ्या मावशीला म्हणावं, स्प्रिंग आठही बाजूंनी बांध. सहावर सोडू नको."

"टाचणे, आजोबांना सांग, आठच बांधल्यात. चष्मा लावून बघा म्हणावं."

"मावशीला म्हणावं, तिकडे कारखान्यात कुणी सुतळीला हात लावत नाही. नुसत्या पिना मारतात, ठकाठक."

"आजोबांना विचार, हे त्यांना कुणी सांगितलं? फोमवाल्यानं का?"

मग दोन तास सामसूम. मग पुन्हा एखादं पिल्लू कुणाच्या तरी मांडीवर चढायचं आणि कारभार सुरू. एकदा पोरीला ताप आला तेव्हा हे बटणाला घेऊन तिच्या खोलीच्या दारात उभे राहिले आणि त्यालाच विचारत बसले, औषध घेतलं का, काही खाल्लं का, डोकं दुखतंय का. बटणाला काय कळणार? ते ह्यांच्या शर्टाची गुंडी चावत होतं. आतून उत्तरं येत होती. त्या दिवशी मला दोघांचीही कीव आली आणि दोघांनाही एकेक चापट द्यावीशी वाटली.

तरी मी मनात म्हणत होते, चाललंय ते चालू दे. बेकरीवाल्याच्या पिठाच्या खोलीत उंदीर झाले होते, तो स्प्रिंगला मागायला तीनदा आला. मी त्याला अजून लहान आहेत, अजून दूध पितात, असल्या थापा मारून परत पाठवला. पिल्लं गेली तर आहे तेवढंही बोलणं जाईल, ही माझी भीती.

आठव्या आठवड्यात एक प्रकार घडला. पोरगी मास्तरीणबाईंच्याच खुर्चीची गादी शिवायला बसली होती. तीन बाजू झालेल्या, चौथीवर दाभण चाललेलं. हे पलीकडे खिळे उपटत होते. अचानक ह्यांचा हात थांबला, इकडेतिकडे नजर फिरली, पिल्लं तीनच दिसली आणि हे ओरडले, "थांब! आत बटण आहे!"

पोरगीने दाभण टाकलं. आत हात घातला तर भरलेल्या काथ्याच्या उबेत बटण गाढ झोपलेलं. दोन टाके अजून पडले असते तर मास्तरीणबाई बटणावरच बसल्या असत्या. पोरगीने त्याला छातीशी धरलं. ती ह्यांच्याकडे बघायला लागली, आणि हेही तिच्याकडे.

"थांब असं कुणाला म्हणालात?" मी विचारलं. मला राहवलं नाही.

हे गोरेमोरे झाले. "मांजराला."

"मांजर झोपलं होतं."

ह्यांनी पोरीच्या हातातून बटणाला उचललं आणि त्याच्या कानात म्हणाले, "आजीला सांग, जास्त शहाणपणा करू नको." आणि पोरगीही खाली मान घालून पुन्हा शिवायला लागली.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही पिल्लं आहेत तोवर ह्या दोघांना एकमेकांशी बोलायची गरजच पडणार नाही. त्यांचं छान चाललं होतं. पण बसमध्ये पिल्लं नसतील आणि त्या दुसऱ्या शहरातही नसतील. फोन लावून हे कुणाला म्हणणार, मावशीला सांग म्हणून? मग तेही धाकट्या भावासारखंच होईल. अकरा वर्षं, आणि छत.

दुसऱ्याच दिवशी मी स्प्रिंगला बेकरीवाल्याच्या हवाली केलं. टाचणी आणि काथ्या औषधाच्या दुकानातल्या बाईंनी नेले, दोघं एकत्रच, कारण एकट्याला त्यांना झोप येत नसे. "बटणा, तुझ्या आजीने घर रिकामं करायला काढलंय," हे म्हणाले. "आजीला कुणाची माया नाही म्हणावं," पोरगी म्हणाली. निदान माझ्या बाबतीत तरी दोघांचं एकमत झालं.

खुर्ची पुरी झाली. पोरीला जायला दोन दिवस राहिलेले. दुपारी हे कापड आणायला गेले आणि पोरगी तिकीट काढायला. तेवढ्यात मास्तरीणबाई टेम्पो घेऊन आल्या. मांजरी खुर्चीवरून उतरेना. "राहू दे हो, तिचंच घर आहे ते," बाई म्हणाल्या. मी बटणाला उचललं, एकदा नाकाला नाक लावलं आणि बाईंच्या पदरात टाकलं. मग आत जाऊन भांडी घासत बसले. भांडी स्वच्छच होती.

संध्याकाळी जेवायला बसलो. हे सवयीने टेबलाखाली वाकले. "बटणा, मावशीला विचार, बस किती—" आणि तिथेच थांबले. पोरीचा घास हातात राहिला. ती वाट बघत होती. मी ताटाकडे बघत मनातल्या मनात म्हणत होते, विचारा, अहो, विचारा आता. हे सरळ झाले.

"कुठे दिलंस?" प्रश्न मला.

"मास्तरीणबाईंना. खुर्चीबरोबर, आई आणि लेकरू दोघं."

"बोलायचं तरी होतंस आधी."

"तुमच्याशी बोलायचं म्हणजे हाताशी मांजर लागतं."

हे जेवण टाकून उठले. पोरगीही उठली. त्यानंतरचा पूर्ण दिवस घरात माणसाचा आवाज नाही. हातोडी चालायची, कपाटाचं दार वाजायचं, बॅगेची चेन ओढली जायची. मी माझ्याच हाताने होतं तेवढंही घालवलं, असं मला वाटायला लागलं. स्वयंपाकघरात उभी राहून मी स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या.

जायच्या दिवशी बस अकराची होती. साडेनऊला पोरगी बॅग घेऊन पुढच्या खोलीत आली. हे एका स्टुलाचे जुने खिळे काढत होते, पाठ तिच्याकडे. ती उभी राहिली. एक खिळा निघाला, दुसरा निघाला. तिने बॅगेचा पट्टा खांद्यावर चढवला.

"मला आधी का नाही सांगितलंस?" हे म्हणाले. पाठ तशीच होती, पण खोलीत दुसरं कुणी नव्हतं आणि मी दाराआड होते.

पोरगीने आधी खाली बघितलं, पायाशी कुणी आहे का म्हणून. मग वर बघितलं.

"तुम्ही नको म्हणाला असतात तर मी गेले नसते, बाबा," ती म्हणाली. "बाकी कुणीही नको म्हणालं असतं, आई म्हणाली असती, तरी मी गेले असते. फक्त तुम्ही म्हणाला असतात तर नाही. म्हणून तुम्हाला सांगायची हिंमतच झाली नाही."

ह्यांनी हातातली पकड खाली ठेवली. मग वळले.

"मी नको म्हणालोच असतो," हे म्हणाले.

"माहितीये."

"पाया पडलो असतो तुझ्या. जाऊ नको म्हणून."

"तेही माहितीये."

ह्यांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. धूळ होती, पण पुसलं ते धुळीसाठी नव्हे. "मग बरं केलंस," हे म्हणाले. "नाही सांगितलंस ते बरं केलंस, बाळा."

आणि तिच्या खांद्यावरची बॅग ओढून घेतली. "केवढी जड आहे ही! काय भरलंयस एवढं?" ती म्हणाली, "तुम्हाला काय करायचंय, द्या इकडे, तुमची कंबर दुखेल." हे म्हणाले, माझ्या कंबरेला काही धाड भरलेली नाही. ती म्हणाली, मग परवा रात्री कण्हत कोण होतं? असं बोलत बोलत दोघं पायरी उतरून रस्त्याला लागले. बस किती वाजता पोचते, खोली कुणाबरोबर आहे, तिथे सुतळीने स्प्रिंगा बांधणारा खरंच एकही माणूस नाही का, एक प्रश्न संपायच्या आत दुसरा. दोघंही एकदम बोलत होते आणि कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. मीही बसपर्यंत जायला निघाले होते, पण कुलूप हातात घेऊन दारातच उभी राहिले. मला रडू आवरत नव्हतं, आणि नऊ आठवड्यांनी सुरू झालेलं ते बोलणं मला मध्येच तोडायचं नव्हतं.