कबरींवरची बाराखडी

१९२०चा नोव्हेंबर. वॉल स्ट्रीटवर बॉम्ब फुटून दोन महिने झाले होते, संशय इटालियन अराजकवाद्यांवर होता, आणि न्यूयॉर्क बंदरात स्थलांतरितांना तपासणाऱ्या एलिस बेटावरच्या अधिकाऱ्यांना प्रत्येक इटालियन गाठोड्यात दारूगोळा दिसत होता. "तुम्ही अराजकवादी आहात का?" हे दिवसभर विचारून दुभाषी एर्सिलियाचा घसा बसला होता.

समोर कानियो आला. इटलीतल्या तिच्याच बाझिलिकाता प्रांतातला धनगर, वय पंचेचाळीस. भाऊ जवळच्याच पॅटरसन शहरात रेशमाच्या गिरणीत. स्वतःच्या भाषेत वाचता आलं नाही तर आल्या बोटीने परत, असा कायदा.

तपासणी अधिकारी हॅस्किन्ससाहेबाने इटालियन मजकुराचं कार्ड पुढे केलं. कानियोने प्रत्येक अक्षराखालून नख फिरवलं, शेवाळ खरवडावं तसं, आणि सगळं वाचलं.

"पाठ केलंय." साहेबाने दुसरं दिलं. तेही वाचलं.

आता साहेबाचा आवाज चढला. "धनगराला या वयात शिकवलं कुणी? कुठल्या संघटनेनं? विचार त्याला!"

एर्सिलिया कानियोकडे वळली. नाही वाचलं तर परत, वाचलं तर संशय!

"दादा, सांभाळून बोला. कुणी शिकवलं?"

"मेलेल्यांनी, ताई."

"चेष्टा नको हो!"

"चेष्टा कसली? गावात शाळा नाही. अक्षरं काय ती कबरस्तानात. कबरी खोदणारा म्हातारा नावं सांगायचा, मी दगड चाचपायचो. वर्षभर. तेव्हा कळलं, आईचा म्हणून ज्या दगडाला बावीस वर्षं मेणबत्ती लावली, तो शेजारच्या गावच्या पिठवालीचा!"

"आणि आई?"

"भिंतीकडेला सापडली. तिचं नाव स्वतः वाचलं, मगच निघालो."

या एका माणसाने दगडांतून भाषा उपसून काढली होती. एर्सिलियाने शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. साहेबाने कानियोच्या झिजलेल्या नखाकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

धक्क्यावर कानियो दिसेल ती पाटी मोठ्याने वाचत सुटला. अर्थ शून्य, उच्चार इटालियन. "नेव योर्क!" रांगेतले लोक हसले, तोही हसला.

पुढच्या जूनपासून नवा कायदा लागू झाला. देशागणिक येणाऱ्या माणसांचा वर्षाचा आकडा ठरला. भरला की दार बंद. त्या वर्षी कानियोच्या गावचे तिघे आले. तिघांनीही कार्ड घडाघडा वाचलं.

"परत जावं लागेल," हे त्यांना एर्सिलियानेच सांगितलं.