धुळीची पेर

इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. वाशिमच्या दवाखान्यात डोळ्यांचा गोरा साहेब वर्षातून दोन-तीनदा यायचा, आणि त्याचं बोलणं लोकांना सांगायचं काम कंपाउंडर जब्बारमियांकडे असे. साहेब तोलून बोलणारा. डोळा बरा होईल का, असं विचारलं की तो सरळ हो म्हणत नसे. 'प्रॉबॅबली' म्हणायचा, नाहीतर 'पॉसिबली'. दुसरा कुणी असता तर दोन्हींना 'होईल बहुतेक' म्हणून मोकळा झाला असता. जब्बारमियांना ते पटत नसे. माणूस शस्त्राखाली डोळा देणार, त्याला नेमकं कळायला नको?

म्हणून त्यांनी शेतातले शब्द काढले. प्रॉबॅबली म्हणजे ओलीची पेर. पाऊस पडून गेलाय, जमिनीत ओल आहे, उगवायलाच हवं. पॉसिबली म्हणजे धुळीची पेर. कोरड्या मातीत बी टाकलं, पुढे आभाळाच्या मनात येईल तसं. केनवडचा म्हातारा असो की शिरपूरचा दुकानदार, झटकन समजायचं. 'सर्टनली'साठीही त्यांनी हौसेने 'कणगीत आलेली ज्वारी' योजून ठेवली होती, पण साहेबाच्या तोंडून तो शब्द कधी निघालाच नाही.

मग वेळ त्यांच्याच घरावर आली. त्यांच्या बायकोचा, मेहरबीचा, एक डोळा कधीचाच गेला होता. दुसऱ्यात चुलीचा जाळ आणि दाराचा उजेड तेवढा उरला होता. साहेबाने तपासलं. ऑपरेशन केलं तर दिसेल, पॉसिबली. बिघडलं तर आहे तो उजेडही जाईल. विचार करून उद्या सांगा, म्हणाला.

घरी जाताना जब्बारमियांनी ठरवून टाकलं, बायकोला ओलीची पेर सांगायची. परक्या माणसाला त्यांनी कधी खोटं सांगितलं नव्हतं, पण ही मेहरबी होती. घाबरून नको म्हणाली तर पुढे अंधारच होता.

मेहरबी ओट्यावर वाट बघत बसली होती. केनवडच्या शेतकऱ्याची लेक, बोलणंही तिकडचंच.

"कोनती पेर म्हने साहेब?" तिने विचारलं.

"ओलीची."

तिने हाताने चाचपत शेजारची जागा दाखवली, बसा म्हणून.

"ओलीची असती त तुमी धावत आले असते," ती म्हणाली. "गल्लीच्या तोंडापासून आयकून राह्यली मी. पाय ओढत आले तुमी. मले काहून फसवता?"

जब्बारमियांनी मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं. पेर धुळीची आहे, उजेडही जाऊ शकतो, आणि तू नको म्हणशील याची मला भीती वाटली, हेही सांगितलं.

"माह्या बापानं दरसाल धुळीची पेर केली," मेहरबी म्हणाली. "कधी साधली, कधी नाही. पन बी टाकताना त्याले कोनी फसवलं नव्हतं." मग सावकाश म्हणाली, "करा म्हना साहेबाले."

त्या संध्याकाळी स्वयंपाक आटोपला तरी तिने चूल विझू दिली नाही. जाळाकडे तोंड करून बसून राहिली. जब्बारमियां एकेक काडी सारत तिच्याजवळ बसले. तिचा हात त्यांनी सोडला नाही.

पट्टी काढायच्या दिवशी जब्बारमियांना कात्री धरवेना. साहेबानेच पट्टी सोडली. मेहरबीने डोळा उघडला आणि बराच वेळ तशीच बघत राहिली.

"समोर कोनी तरी हालून राह्यलं," ती हळूच म्हणाली. "टोपी हाय त्याले. तुमीच ना? रडून राह्यले का?"

साहेबाने विचारलं, दिसतंय का तिला?

"सर्टनली, सर," जब्बारमियां म्हणाले. हा शब्द ते आयुष्यात पहिल्यांदाच बोलले.

"काय सांगितलं साहेबाले?" मेहरबीने विचारलं.

"कणगीत आली," ते म्हणाले.