पिना मारलेला धडा

नवी पुस्तकं आली की विज्ञानाच्या बाई स्टेपलर घेऊन बसत आणि प्रजननाच्या धड्याची पानं पिना मारून बंद करत. तो धडा आला की मुलगे मैदानावर, मुली भरतकामाला. शाळेचं नाव कसं धुतल्या तांदळासारखं!

मग शेवटच्या वर्गातली एक मुलगी गरोदर राहिली आणि मुख्याध्यापकांच्या तोंडचं पाणी पळालं.

"असं झालंच कसं? आपण तर या विषयातलं काही मुलांच्या कानावर पडू दिलं नाही!"

"एक अक्षरही नाही, सर," बाई अभिमानानं म्हणाल्या.

सर तिला काढूनच टाकणार होते. पण दरवर्षी पहिली येणारी तीच. ती गेली तर निकालाच्या दिवशी मिरवायचं काय? शेवटी तोडगा निघाला. तिनं प्रयोगशाळेत, पडद्यामागं, हाडांच्या सांगाड्याशेजारी बसायचं. वर्गात पाऊल टाकलं तर शाळा बंद, परीक्षाही बंद. सांगाड्याची काही हरकत नव्हती. आणि ज्याच्यामुळं हे झालं तो मुलगा? तो वर्गातच, मॉनिटर म्हणून. त्याचं पोट थोडंच दिसत होतं!

बाई पडद्यामागं जाऊन शिकवू लागल्या. पोरगी मोठी जिद्दीची. उलटी झाली की तोंड धुऊन पुन्हा वही पुढे ओढायची. बाईंना तिचं कौतुक वाटायचं, आणि वाटतं म्हणून स्वतःचाच रागही यायचा.

एक दिवस तिनं तो बंद धडा पुढे केला. "यावर प्रश्न येतो, बाई. शिकवा ना."

बाईंचे कान तापले. "तो राहू दे गं. उगाच मन बिघडतं."

"आता माझं काय बिघडायचं राहिलंय?"

मुलीनं नखांनी पिना काढल्या, वाचू लागली आणि मध्येच थांबली.

"पहिल्या वेळीसुद्धा दिवस जाऊ शकतात? तो म्हणाला होता, पहिल्यांदा काही होत नाही. मला खरंच वाटलं हो." तिनं वर पाहिलं. "बाई, हे इथं लिहिलेलं होतं?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पडदा सर्रकन बाजूला सारला, तिचं दप्तर उचललं आणि तिला हाताला धरून वर्गात आणलं. पहिल्या बाकावर बसवलं.

"सर रागावतील, बाई. माझी परीक्षा..."

"आधी मला काढावं लागेल त्यांना. पुस्तकं उघडा रे. पिना काढा."

धडा कुठला ते कळताच मॉनिटर सवयीनं उठला आणि मैदानाकडे निघाला.

"तू कुठं चाललास?" बाई म्हणाल्या. "बस खाली. तुझाच धडा आहे."